डोस वाढवण्याआधी

नदीला पहिला लोंढा आला की आपल्या बहुतेक जलशुद्धीकरण केंद्रांवर एकच हुकूम सुटतो: तुरटी वाढवा. फ्लॉक धरत नसेल तरी वाढवा, धरून फुटत असेल तरी वाढवा. फ्लॉक का बिघडला हे न पाहता वाढवलेला डोस बिघाड झाकतो, आणि बरेचदा नवा बिघाड उभा करतो, असे माझे म्हणणे आहे.

तुरटीचे हायड्रॉक्साइड होताना पाण्यातली अल्कलिनिटी खर्ची पडते. ढोबळ हिशेबाने 1 मिलिग्रॅम तुरटीमागे अर्धा मिलिग्रॅम. पुराच्या पाण्यात ताजे पावसाचे पाणी जास्त, म्हणून गढूळपणा चढतो त्याच दिवसांत अल्कलिनिटी उतरते. ती लिटरला 25 मिलिग्रॅम असताना 60 मिलिग्रॅम तुरटी सोडली, तर 30 ची मागणी भागणार कुठून? सामू कोसळतो, हायड्रॉक्साइड नीट बनत नाही आणि विरघळलेले अ‍ॅल्युमिनियम फिल्टरमधून निसटते. तिथे गरज चुन्याची असते. याउलट अल्कलिनिटी पुरेशी असूनही डोस बेसुमार झाला, तर कणांवरचा ऋणभार उलटून धन होतो आणि ते पुन्हा एकमेकांना दूर लोटू लागतात. दोन्ही प्रसंगी टाकीत दिसते ते सारखेच, गढूळ पाणी.

म्हणूनच जार टेस्ट हवी, आणि ती केवळ डोस ठरवण्यापुरती नव्हे. जारमधली ढवळणी टाकीसारखी नसते, मग तिच्यावर विसंबायचे कसे, असे विचारले जाते. पण तिचा उपयोग नेमका त्या फरकातच आहे. त्याच डोसला जारमध्ये फ्लॉक छान बसला आणि टाकीत बसला नाही, तर दोष रसायनात नाही. फ्लॅश मिक्सर बंद असेल, तुरटीचे द्रावण एका कडेने ओघळत असेल (क्रिया काही सेकंदांत उरकते, पुढे ढवळून काही साधत नाही), पॅडल फार वेगाने फिरून फ्लॉक फोडत असतील किंवा निवळण टाकीत गाळ साचला असेल. जारमध्येही बसला नाही, तरच सामू, अल्कलिनिटी आणि तुरटीची प्रत तपासावी.

तुरटीऐवजी पीएसी (पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड) घ्या, कटकट मिटेल, हा दुसरा आक्षेप. पीएसी अल्कलिनिटी कमी खाते, हे खरे. पण अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या दक्षिणेकडील केंद्राने तुरटी सोडून पीएसीच घेतले होते. 1993 च्या मार्चमध्ये कच्चे पाणी बदलले तेव्हा त्यांना योग्य डोस साधेना. शुद्ध केलेल्या पाण्याचा गढूळपणा 1.7 एनटीयूपर्यंत गेला आणि क्रिप्टोस्पोरिडियमच्या साथीत अंदाजे 4 लाख लोक आजारी पडले. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस 10500 मध्ये, स्वीकार्य मर्यादा 1 एनटीयू आहे, पण पर्यायी स्रोत नसेल तर 5 पर्यंत मुभा आहे. 1.7 चा आकडा आपल्याकडे कुणाची झोप उडवेल का, याची मला शंका वाटते.

लहान नगरपालिकांकडे केमिस्ट नाही, ही अडचण मात्र खरी आहे. तरीही ब्युरेटवर अल्कलिनिटी काढणे ऑपरेटरला शिकवता येते, आणि जार टेस्ट तासाभरात होते. निदान नोंदवहीत डोसच्या रकान्याशेजारी अल्कलिनिटीचा रकाना यंदाच्या पावसाळ्यापूर्वी आखून घ्या.