पुड्यातील खाऊ आणि पोटातील जंतू

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आम्हांस 'आरोग्य' हा विषय देण्यात आला आहे. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर मास्तरकी केली. परंतु मधल्या सुट्टीत मुलांचे डबे पाहण्यात आमची हयात गेली, आणि त्या डब्यांतून भाकरी जाऊन पुडा कसा आला हे आम्ही पाहिले आहे. म्हणून बोलतो.

प्रक्रिया तेवढी वाईट, असे आमचे म्हणणे नाही. दळणे, आंबवणे, वाळवणे ह्याही प्रक्रियाच. आपल्या आज्या त्यांत निष्णात होत्या. ब्राझीलचे प्राध्यापक कार्लोस मोंतेरो ह्यांनी २००९ साली मांडलेला भेद निराळा आहे. मका, गहू, सोयाबीन ह्यांचे घटक कारखान्यात सुटे करावयाचे आणि त्यांत रंग, स्वाद व एकजीव करणारी द्रव्ये घालून नवाच पदार्थ उभा करावयाचा, ह्यास अतिप्रक्रियित अन्न म्हणतात. क्रीमची बिस्किटे, झटपट शेवया, रंगीत पेये ही त्यांतलीच. वेष्टनावरील बारीक अक्षरांत स्वयंपाकघरात कधीच न आढळणारी नावे दिसली की ओळखावे.

आता पोटाकडे वळू. आपल्या देहात सुमारे ३८ लाख कोटी जंतू असावेत असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, आणि त्यांपैकी बहुतेक मोठ्या आतड्यात नांदतात. जंतू म्हटले की आपणांस रोगच आठवतो. परंतु ज्वारीचा कोंडा, डाळींची साले, भाजीचा चोथा, जो आपणांस पचत नाही, तो हे जंतू आंबवतात व ब्यूटिरेट नावाचे द्रव्य तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य अन्न तेच. जुन्या शेतकऱ्यांस इर्जिकीचा व्यवहार आठवेल, तसाच हा.

पुड्यातील खाण्यात चोथा बहुधा अल्पच असतो. मग जंतू उपाशी राहतात काय? नाही. मनुष्याच्या आतड्यातील जंतू ज्यांच्या पोटी वसविले होते अशा उंदरांस चोथा नसलेले अन्न दिल्याचा एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्या जंतूंनी अस्तरावरील बुळबुळीत संरक्षक थरच खाण्यास आरंभ केला. थर पातळ झाला आणि रोगजंतूंस वाट मोकळी झाली.

एकजीव करणाऱ्या द्रव्यांचीही कथा ऐकण्यासारखी आहे. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज हे त्यांतील एक. वेष्टनावर त्याचा क्रमांक ४६६ असा असतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १६ निरोगी माणसांपैकी काहींस ते ११ दिवस, रोज १५ ग्रॅम दिले. त्यांच्या आतड्यातील जंतूंची विविधता घटली व उपयुक्त आम्ले कमी झाली. मात्रा मोठी होती हे खरे. तथापि दिवस किती थोडे, तेही पाहावे.

शिवाय असे अन्न खाल्लेही अधिक जाते. २०१९ साली अमेरिकेत २० माणसांस सरकारी संशोधन रुग्णालयात ठेवून दोन आठवडे हे अन्न व दोन आठवडे साधे अन्न दिले. ताटातील साखर, स्निग्धांश, चोथा व मीठ दोन्ही वेळी जवळजवळ सारखेच. खावे मात्र मनाप्रमाणे. अतिप्रक्रियित अन्नावर प्रत्येकाने दररोज सरासरी ५०० कॅलरी अधिक खाल्ल्या व वजन सुमारे ९०० ग्रॅमने वाढले.

नोकरी करणाऱ्या भगिनींस आम्ही दोष देत नाही. पहाटे उठून भाकऱ्या थापणे सोपे नव्हे. (पीठ मळण्यास पुरुषांचे हात चालतात, हेही जाता जाता सांगतो.) आमचे गाऱ्हाणे मंडळाकडे आहे. गुणगौरव समारंभात आपण मुलांच्या हाती बक्षिसाबरोबर क्रीमच्या बिस्किटांचा पुडा आणि शीतपेयाची बाटली देतो. पुढील वर्षी त्याऐवजी मोडाची उसळ, शेंगदाण्याचा लाडू व ताक द्यावे, अशी आमची सूचना आहे. खर्च वाढेल, असे खजिनदार म्हणतात. दहा किलो शेंगदाणे आम्ही देऊ. गूळ, मटकी व ताक कोण देणार, त्यांनी भोजनास बसण्यापूर्वी चिटणिसांकडे नावे नोंदवावीत.