उरल्यासुरल्याचे थर



कॅसरोल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोळ्या गरम ठेवायचा डबा येतो. लग्नात आहेर म्हणून तीन-तीन येतात आणि त्यातले दोन माळ्यावर जातात. युरोप-अमेरिकेत मात्र कॅसरोल म्हणजे ओव्हनमध्ये ठेवायचं खोलगट भांडं, आणि त्या भांड्यात जे शिजतं त्यालाही कॅसरोलच म्हणतात. उरलेलं मांस, बटाटे, भाज्या, कालचा पाव असं सगळं थराथरानं रचायचं आणि भाजायचं. आपल्या डब्यात उरलेल्या चार पोळ्यांमधून त्यांच्या कॅसरोलचा मराठी भाऊ कसा करायचा, ते आज सांगणार आहे. ओव्हन लागणार नाही. जाड बुडाचं पातेलं, एक तवा आणि काठ असलेलं ताट एवढं घरात असलं की झालं.

तुम्ही म्हणाल, शिळ्या पोळीचं काय करायचं हे आम्हाला शिकवायला नको. खरंच नको. कुणाकडे फोडणीची पोळी होते, कुणाकडे कुस्करा, कुणाकडे कुटके. काही घरांत तर तिला माणिकपैंजण असं नटवं नाव आहे. पण ती झाली न्याहारी. तिनं पोळ्या संपतात, फ्रीजमधल्या वाट्या तशाच राहतात. वाटीभर मटकीची उसळ, दीड वाटी आमटी, तळाशी राहिलेली कोबीची भाजी. यातलं एकही एका माणसाला पुरत नाही, आणि टाकायला हात धजत नाही. मग तिसऱ्या दिवशी वास आला की निमूटपणे टाकतो. या तीन वाट्या आणि चार पोळ्या एकत्र आल्या, तर चौघांचं रात्रीचं जेवण होतं.

पण ते चांगलं व्हायचं असेल तर सुरुवात आदल्या रात्री करावी लागते, आवराआवर करताना. इथे माझीच एक फजिती सांगते. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. मी गृहविज्ञान शिकलेली सून. रात्री भात ओट्यावर झाकून ठेवला, सकाळी त्याचा झकास फोडणीचा भात केला. वास चांगला, चव चांगली. दुपारपर्यंत घरातल्या दोघांना उलट्या. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त लिंबाचं सरबत केलं.

भातात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू असू शकतात. त्यांचे बीजाणू भात शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष फोडणीच्या आचेला दाद देत नाही. पुन्हा गरम केलं म्हणजे सगळं शुद्ध झालं, हा आपला समज इथे खोटा ठरतो. म्हणून जेवणं झाली की दोन तासांच्या आत उरलेलं फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. मे महिन्यात तर तासाभरात. पातेलंच्या पातेलं आत सरकवू नका, मधला भाग फार वेळ गरम राहतो. आमटी पसरट भांड्यात काढा, ते भांडं परातीतल्या गार पाण्यात ठेवा, दोन-तीनदा ढवळा. दहा-पंधरा मिनिटांत वाफ जाते. मग झाकण लावून आत. दोन दिवसांत संपवा. आमटीला फेस दिसला किंवा आंबूस वास आला तर चव घेऊन खात्री करायला जाऊ नका, सरळ टाकून द्या. काटकसर म्हणजे पोटाची परीक्षा नव्हे.

पोळ्यांचं मात्र उलट आहे. त्या फ्रीजमध्ये ठेवल्या की जास्त लवकर कडक होतात. पिठातला स्टार्च गार होताना घट्ट बसतो, आणि फ्रीजच्या थंडाव्यात हे सर्वांत वेगानं होतं. एका रात्रीचाच प्रश्न असेल तर फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. हाच कडकपणा आपल्या कामाचा आहे, कारण ताजी पोळी आमटीत घातली तर तिचा लगदा होतो. शिळी पोळी रस पिते आणि तरी तुकडा म्हणून टिकते. भाकरी तर त्याहून उत्तम.

आता करायचं कसं, ते सांगते. चार पोळ्यांचे रुपयाएवढे तुकडे हातानं तोडा. मिक्सरला लावू नका, भुगा होतो. दोन मोठे कांदे जाडसर गोल चिरा. पातेल्यात दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, कढीपत्ता. हळद-तिखट नको, आमटीत आणि उसळीत ते आधीच आहे. फोडणी तडतडली की गॅस अगदी बारीक करा आणि कांद्याच्या चकत्या तळाशी एकीला एक लागून पसरा. करपायचं असेल ते कांद्यानं करपावं, वरच्यांनी नव्हे.

कांद्यावर पोळीचे निम्मे तुकडे. त्यावर उसळ. त्यावर टोमॅटो चिरून. हा ताजाच हवा. सगळंच कालचं असलं की जेवणाला कालचाच वास येतो. एखादी तरी गोष्ट आजची असली की जीभ फसते. मग कोबी, मग उरलेले तुकडे. आता आमटी चाखून बघा. दाट असेल तर अर्धी वाटी गरम पाणी घाला. पोळ्या मीठ ओढून घेतात, म्हणून आमटी किंचित खारट लागली तरी चालेल, अळणी नको. ती कडेकडेनं ओता, मधोमध नव्हे. तुकडे भिजले पाहिजेत, तरंगता कामा नयेत. वर मूठभर दाण्याचं कूट आणि किसलेलं सुकं खोबरं.

पातेल्याखाली तवा सरकवा. वर ताट झाका आणि ताटात पेलाभर पाणी घाला. आपल्या आया वांग्याच्या भाजीवर ठेवायच्या, तसंच. गार ताटाला लागून वाफेचं पाणी होतं आणि ते परत खाली ठिबकतं, त्यामुळे पातेलं कोरडं पडत नाही. मध्येच रस कमी वाटला तर ताटातलं हेच गरम पाणी वापरा. पंधरा ते वीस मिनिटं. ढवळायचं नाही! ही सूचना माझ्या घरात कुणी पाळत नाही, तरी सांगते. कडेनं बुडबुडे दिसले म्हणजे झालं असं समजू नका, कडा नेहमी आधी तापतात. चमचा मधोमध खुपसा, दहा आकडे मोजा, बाहेर काढा. त्यावरून वाफ निघायला हवी आणि चमचा बोटाला सहन होता कामा नये. हे ज्या दिवशी कराल त्याच दिवशी संपवा. पुन्हा गार झालेली पोळी पहिल्यापेक्षा चिवट होते, आणि एकदा गरम केलेलं उरलेलं परत गरम करू नये.

काही भाज्या यात शोभत नाहीत. भेंडी बुळबुळीत होते, कारलं सगळ्या पातेल्याला कडू करतं. कालचं माशाचं कालवण दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं, हे कोकणातले श्रोते मला सांगतील आणि ते खरंही आहे. पण ते वेगळंच गरम करून भाताशी खावं, इथे आणू नये. माळ्यावर जुना ओव्हन असेल तर १८० अंशांवर, घट्ट झाकून, अर्धा तास. शेवटची पाच मिनिटं झाकण काढलंत तर वरचं खोबरं सोनेरी होतं.

आणि ज्यांच्याकडे फ्रीज नाही, किंवा भारनियमनात तो नावापुरताच चालू असतो, त्यांनी ओले पदार्थ ठेवूच नयेत. भाकरी-पोळी ठेवावी, ती सकाळपर्यंत टिकते. आमटीच्या जागी ताजी कढी करा: दोन वाट्या ताकाला एक चमचा बेसन, आलं, मिरची, एक उकळी. थर आधी रचून घ्या, उकळती कढी वरून ओता, मग मंद आचेवर दहाच मिनिटं झाका. जास्त वेळ ठेवलंत तर ताक फुटतं. मराठवाड्यातल्या ज्वारीच्या भाकरीला ही कढी आमटीपेक्षा शोभते, असं माझं मत.

वाढताना उलथनं थेट तळापर्यंत घाला. तळाचा कांदा तपकिरी, गोडसर आणि थोडा चिकटलेला असतो. आमच्याकडे त्यासाठी आधीच नंबर लावलेले असतात, आणि करणारीचा नंबर पहिला, हे मी सुरुवातीलाच जाहीर करून टाकलं आहे.