खेळ एक, साधने दोन

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



जबलपूरच्या या मांडवात आजवर आपण संतवाङ्मयापासून मधुमेहापर्यंत अनेक विषयांवर व्याख्याने ऐकली. आजचा विषय ऐकून काही ज्येष्ठांच्या भुवया वर गेल्या आहेत, हे मला इथून दिसते आहे. संगणकावरचे निशाणेबाजीचे खेळ, आणि तेही गणपतीत! पण कॅरम, बुद्धिबळ आणि रस्सीखेच यांच्या जोडीला असे सामने भरवावेत, अशी आपल्या युवा विभागाची इच्छा आहे. सामना आला की नियम आले, आणि नियम आले की वाद आला. तो वाद नेमका कशाचा आहे, हे पालकांना समजेल अशा भाषेत सांगा, असे मला फर्मावण्यात आले. मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर. सॉफ्टवेअर हा माझा प्रांत नाही, पण हँडल, नॉच आणि यंत्राला लागणारा वेळ यांच्याशी माझा रोजचा संबंध आहे. त्या बाजूने जमेल तसे सांगतो.

आधी खेळ काय ते पाहू. पडदा म्हणजे आपले डोळे. पडद्याच्या बरोबर मध्यावर एक लहान खूण असते. प्रतिस्पर्धी दिसला की आपली नजर वळवून ती खूण त्याच्यावर आणायची आणि बटण दाबायचे. जो हे आधी आणि अचूक करील तो जिंकला. इंटरनेटमुळे समोरचा खेळाडू दुसऱ्या गावात किंवा दुसऱ्या देशातही असू शकतो.

ही खूण हलवायची दोन प्रमुख साधने आहेत. पीसीवाला माउस आणि कीबोर्ड वापरतो. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवाला, म्हणजे कन्सोलवाला, दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर वापरतो. त्यावर अंगठ्याने कलवायच्या दोन लहान दांड्या असतात, त्यांना स्टिक म्हणतात. डावीने चालायचे, उजवीने नजर वळवायची. वरवर पाहता दोघे एकच काम करतात, पण कामाची जातच वेगळी आहे.

माझी नोकरी सुरू झाली तेव्हा शेडमध्ये डब्ल्यूडीएम-२ जातीची डिझेल इंजिने असायची. त्यांच्या थ्रॉटल हँडलला ८ नॉच. आता ड्रायव्हर नॉच लावतो म्हणजे काय करतो? "गाडी २०० मीटर पुढे ने" असे तो इंजिनाला सांगत नाही. तो फक्त जोर किती लावायचा ते सांगतो. फलाटावर ठरल्या जागी गाडी उभी करायची तर हँडल केव्हा मागे घ्यायचे आणि ब्रेक केव्हा लावायचा, हा अंदाज त्याचा त्यालाच बांधावा लागतो. कंट्रोलरची स्टिक याच कुळातली आहे. दांडी किती कलवली त्यावरून नजर किती वेगाने वळायची ते ठरते, किती वळायची ते नाही. ते दांडी किती वेळ कललेली ठेवली यावर अवलंबून. थोडा उशीर झाला की खूण लक्ष्याच्या पुढे निघून जाते आणि मग परत मागे यावे लागते.

माउसचे तसे नाही. हात जितका सरकला तितकी नजर वळली, हात थांबला की नजर थांबली. नकाशावर गावाच्या नावावर बोट ठेवावे तसे. शिवाय माउसमागे बोटे, मनगट आणि कोपर अशी सगळी फौज असते. मोठी हालचाल कोपराने, बारीक हालचाल बोटांनी. कंट्रोलरवाल्याकडे एक अंगठा आणि त्या अंगठ्याला जेमतेम एखाद्या सेंटीमीटरची धाव. त्या एवढ्याशा जागेत हळू, मध्यम आणि जलद असे सगळे वेग बसवायचे.

त्यात आणखी दोन अडचणी आहेत. पहिली, स्टिक मध्यावर असताना आपोआप खूण सरकू नये म्हणून मधला थोडा भाग निष्क्रिय ठेवतात. त्याला डेड झोन म्हणतात. त्यामुळे अगदी बारीक हालचाल करताना सुरुवातीचा थोडा प्रवास वाया जातो. दुसरी, नजर वळण्याच्या वेगाला कमाल मर्यादा असते. मागून कोणी आले तर माउसवाला एका झटक्यात पाठमोरा होतो. स्टिकवाल्याने दांडी टोकापर्यंत दाबली तरी अर्धा फेरा पुरा होईपर्यंत थांबणे आले.

बटणांचेही तसेच. उडी मारणे, हत्यार बदलणे यांची बटणे कंट्रोलरच्या उजव्या बाजूला असतात आणि ती दाबायला उजवा अंगठाच लागतो. म्हणजे तेवढा वेळ निशाणा वाऱ्यावर. पीसीवाल्याचा डावा हात कीबोर्डवर आणि उजवा माउसवर, कोणालाच आपले काम सोडावे लागत नाही. ही उणीव ओळखूनच मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये मागच्या बाजूला जादा पट्ट्या असलेला एलीट कंट्रोलर बाजारात आणला. अर्थात त्याची किंमतही तशीच जादा.

आता पडद्याकडे वळू. खेळाचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलत असेल तर प्रत्येक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकते. १४४ वेळा बदलत असेल तर सुमारे ७, आणि २४० वेळा असेल तर ४ च्या आसपास. चांगल्या पीसीवर १४४ आणि २४० आता नेहमीचे झाले आहेत. कन्सोलवर १२० ची सोय मुख्यतः नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस पासून मिळू लागली, आणि तीही खेळाने व टीव्हीने साथ दिली तरच. दिवाणखान्यातला टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात ते थोडे उशिराच दाखवतो. घरी कन्सोल असेल त्यांनी टीव्हीचा गेम मोड चालू आहे ना, ते आज घरी गेल्यावर जरूर पाहावे. तो फुकट आहे.

आता कोणीही विचारील, इतके सगळे विरुद्ध असताना कन्सोलवर हे खेळ चालले कसे? याचे उत्तर म्हणजे खेळाने गुपचूप दिलेला हात. १९९७ च्या गोल्डनआय ००७ मध्ये निशाणा आपोआप जुळवण्याची सोय होती. २००१ मध्ये आलेल्या हेलोने ही मदत इतक्या बेमालूमपणे दिली की खेळणाऱ्याला आपलाच हात बसला असे वाटावे. याला एम असिस्ट म्हणतात. खूण प्रतिस्पर्ध्याजवळ आली की नजर वळण्याचा वेग मंदावतो, आणि काही खेळांत तो हलला तर खूणही त्याच्याबरोबर थोडी वळते. सगळेच कंट्रोलरवाले होते तोवर मदत सर्वांना सारखी होती, म्हणून तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती दोघे एका मैदानात आल्यावर. पीसी आणि कन्सोल एकत्र खेळवण्याचा प्रयोग २००७ मध्ये शॅडोरन या खेळात झाला होता. पण ही प्रथा रूढ झाली ती फोर्टनाइटमुळे. बराच काळ नकार दिल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये सोनीने त्या खेळासाठी आपले दार उघडले. याला क्रॉस-प्ले म्हणतात. मित्राकडे कोणतेही यंत्र असो, बरोबर खेळता येते, ही चांगलीच गोष्ट. पण तेव्हापासून एक प्रश्न सुटलेला नाही. ही मदत किती द्यायची?

कमी दिली तर अंगठेवाला मार खातो. जास्त दिली तर माउसवाला ओरडतो, आणि त्याचेही म्हणणे खोटे नाही. डोळ्यांना दिसल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. खूण आपोआप वळवणाऱ्या मदतीला तो वेळ लागत नाही. म्हणून काही खेळांत जवळच्या झटापटीत कंट्रोलरवाला भारी पडतो आणि लांबच्या नेमबाजीत माउसवाला. एपेक्स लेजेंड्समध्ये २०२४ साली पीसीवाल्यांच्या सामन्यांतील कंट्रोलरची मदत कमी करावी लागली, ती याच कारणाने. कॉल ऑफ ड्यूटीची व्यावसायिक लीग २०२१ च्या मोसमात प्लेस्टेशनवरून पीसीवर गेली, पण खेळाडूंच्या हातात कंट्रोलरच राहिला. तेव्हा "कन्सोलवाला नेहमीच मागे" असे सरसकट म्हणता येणार नाही. दोघांची बलस्थाने वेगळी आहेत आणि मध्ये एक अदृश्य तराजू आहे, ज्याचे पारडे कंपनी प्रत्येक खेळात वेगळ्या ठिकाणी ठेवते.

काही कंपन्यांनी हा तराजूच नको म्हटले. ओव्हरवॉचमध्ये २०२१ साली क्रॉस-प्ले आले, पण मानांकनाच्या सामन्यांत पीसी आणि कन्सोल वेगळेच ठेवले. व्हॅलोरंट २०२४ मध्ये कन्सोलवर आला, तोही पीसीवाल्यांशी गाठ न घालता. आपल्या मुलांनी जो पब्जी मोबाईल २०२० मध्ये बंदी येईपर्यंत भरपूर खेळला, त्यातही फोनऐवजी संगणकावर एम्युलेटर लावून खेळणाऱ्यांना ओळखून वेगळ्या गटात टाकत असत. मला हेच तत्त्व पटते. कुस्तीत वजनगट असतात म्हणून सत्तावन्न किलोचा पैलवान कमी प्रतीचा ठरत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण स्वीकारले, त्या गोष्टीकडे येतो. आपल्याच वसाहतीतला एक मुलगा, बारावीतला. नाव सांगत नाही. वडिलांनी ओळखीच्याकडून जुना कन्सोल घेऊन दिलेला. हा मुलगा पीसीवाल्या मित्रांबरोबर खेळे आणि रोज हरे. मित्र म्हणत, "तुझा हातच बसत नाही." एके दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, एक ॲडॉप्टर मिळतो. तो लावला की कन्सोलला माउस जोडता येतो, आणि कन्सोलला वाटते कंट्रोलरच आहे. बाबा म्हणाले, काकांना विचारून घे."

मी विचारले, "मग एम असिस्ट चालूच राहते?"

"हो ना काका, तीच तर गंमत!"

मी म्हणालो, "अरे, शेडमध्ये एखादा रिले त्रास देतो म्हणून कोणी त्याला जंपर मारून बायपास केले तर इंजिन चालते. इंजिन खोटे बोलत नाही, त्याला खोटे सांगितलेले असते. त्याला आम्ही दुरुस्ती म्हणत नाही. आणि तुझा हा ॲडॉप्टर लावून तू हरवणार कोणाला? तुला रोज हरवणाऱ्या पीसीवाल्याला थोडेफार. पण खरा मार खाणार तो तुझ्यासारखाच अंगठ्याने खेळणारा दुसरा एखादा मुलगा, ज्याच्या वडिलांनीही जुनाच कन्सोल घेतला असेल."

तो गप्प बसला. ही फसवणूक इतकी बोकाळली आहे की रेनबो सिक्स सीज या खेळाने २०२३ मध्ये असा ॲडॉप्टर ओळखून त्याच्या हालचाली मुद्दाम उशिरा पोहोचवण्याची योजना आणली. मग आम्ही दोघांनी बसून करण्यासारख्या गोष्टी केल्या. टीव्ही गेम मोडवर टाकला. डेड झोन स्टिकला सोसेल इतका कमी केला. नजर वळण्याचा वेग त्याच्या अंगठ्याप्रमाणे लावला. ज्या खेळात क्रॉस-प्ले बंद करता येते तिथे मानांकनाचे सामने फक्त कन्सोलवाल्यांशी खेळायचे ठरले, मित्रांबरोबर मात्र मजेसाठी एकत्र. कंट्रोलर हातात तिरपा केला की निशाणा बारीक हलतो, अशी जायरोची सोय प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये आहे. काही खेळ ती वापरू देतात, तिचाही सराव त्याने सुरू केला. तो आता जिंकतोच असे नाही. पण हरला तर का हरला हे त्याला सांगता येते, आणि ॲडॉप्टरचे पैसे वडिलांच्या खिशात राहिले.

पालकांना माझी एवढीच विनंती. मुलाने "कंट्रोलरमुळे हरलो" म्हटले तर लगेच "नाचता येईना, अंगण वाकडे" म्हणू नका. कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते. आणि मुलांनो, तुम्हालाही सांगतो. अंगण वाकडे आहे हे कळल्यावर ते सरळ करून मागायचे असते, दुसऱ्याच्या अंगणात खड्डा खणायचा नसतो. शिवाय अंगण सरळ असूनही नाचता आले नाही, तर मात्र सराव वाढवायचा.

मंडळापुढे माझ्या तीन सूचना ठेवतो. सामने भरवायचे तर गट यंत्रावरून नव्हे, हातातल्या साधनावरून पाडावेत. पीसीला कंट्रोलर जोडून खेळणारा कंट्रोलरच्या गटात. दुसरे, एका गटातल्या सर्वांना एकसारखे पडदे द्यावेत आणि एम असिस्टचा नियम आधीच फलकावर लिहावा. तिसरे, ॲडॉप्टर किंवा तत्सम उपकरण आढळल्यास खेळाडू बाद, मग तो कोणाचाही मुलगा असो. अध्यक्ष महोदय, तुमचाही.

आपण ज्याच्यासमोर बसलो आहोत तो बुद्धीचा देव आहे. हरण्याची लाज नसावी, फसवून जिंकण्याची असावी, एवढी बुद्धी त्याने आम्हा सर्वांना द्यावी. 

गणपती बाप्पा मोरया!