पिशवीतले फोटो आणि पोटातली पिशवी

(रत्नागिरी येथे बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मागे लांज्याकडची एक बाई आमच्याकडे आली. वय सत्तेचाळीस. हातात प्लास्टिकची पिशवी, तीत मोठ्या फिल्म्स. "ताई, माझे सगळे फोटो आणलेत," म्हणाली. कमरेचा एक्स-रे, दोन सोनोग्राफी, एक पोटाचा सीटी स्कॅन. पैसे नवऱ्याने मुंबईहून उसने काढून पाठवलेले. तक्रार काय, तर पाळीत अंगावरून खूप जातं आणि कंबर धरते. कोणता फोटो कशासाठी काढला हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते एवढंच, "गाठ आहे, पिशवी काढून टाका."

सगळ्यालाच आपण 'फोटो' म्हणतो, तिथे घोटाळा होतो. ही यंत्रं वेगवेगळी आहेत आणि एकाचं काम दुसरं करत नाही.

एक्स-रे सगळ्यांत जुना. १८९५ साली जर्मनीत राँटगेनने हे किरण शोधले आणि बायकोचा हात त्यांच्यासमोर धरायला लावला. हाडं दिसली, बोटातली अंगठीही दिसली. बाईचं शरीर प्रयोगाला असं पहिल्यापासून हाताशी! हे किरण मांसातून पार जातात, हाडाशी अडतात. म्हणून मोडलेलं हाड, छातीतला क्षय यांना एक्स-रे चांगला. गर्भपिशवीतली गाठ त्यात सहसा कळत नाही. हे किरण निरुपद्रवी नाहीत, हे इंग्लंडमधल्या डॉ. अॅलिस स्ट्यूअर्ट यांनी १९५६ ते १९५८ या काळात दाखवलं. त्यांनी काय केलं? कॅन्सरने मूल गेलेल्या आयांना गरोदरपणाबद्दल विचारलं, आणि मुलं धडधाकट असलेल्या आयांनाही तेच विचारलं. गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्यांच्या मुलांत कॅन्सरचं प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं. डॉक्टरमंडळींनी हे मान्य करायला पुढे बरीच वर्षं घेतली. तेव्हा पाळी चुकली असेल तर एक्स-रेच्या टेबलावर चढण्याआधी सांगा. सासू शेजारी उभी असली तरी सांगा.

सीटी स्कॅन म्हणजेही क्ष-किरणच, पण चहूबाजूंनी सोडलेले. संगणक त्यातून शरीराचे काप केल्यासारखी चित्रं जुळवतो. अपघातात डोक्याला मार लागला, पक्षाघाताचा झटका आला, तर मिनिटांत निदान होतं. तिथे मुळीच नको म्हणू नका. पण पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये छातीच्या साधारण शंभर एक्स-रेंइतके किरण अंगात जातात. पाळीच्या तक्रारीसाठी पहिली तपासणी म्हणून तो करत नाहीत.

तिथे सोनोग्राफी. तिच्यात किरण नाहीत, आवाज असतो, आपल्याला ऐकू न येणारा. मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर मासळीचा थवा शोधायला यंत्र असतं ना, त्यातलंच तत्त्व. आवाज सोडायचा, आदळून परत येईल तो टिपायचा. मध्ये हवा आली की चित्र बिघडतं, म्हणून पोटावर जेल लावतात आणि लघवी धरून ठेवायला सांगतात. (नंबर दोन तासांनी लागणार असेल तर बाईने काय करायचं, याचा विचार मात्र कुठलं यंत्र करत नाही.) ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली हे तंत्र जगापुढे मांडलं. पोटाचा असाध्य कॅन्सर ठरवलेल्या एका बाईला त्यात अंडाशयाची साधी मोठी गाठ दिसली. ऑपरेशनने ती वाचली. गर्भपिशवी आणि अंडाशयासाठी हीच पहिली तपासणी, आणि स्वस्तही. मात्र चित्र किती खरं, हे यंत्र धरणाऱ्या हातावर फार अवलंबून असतं.

याच यंत्राने मुली मारल्या, हेही बोललं पाहिजे. मुंबईतल्या कार्यकर्त्यांच्या लढ्यामुळे १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा १९९४ साली आला. "आमच्या रत्नागिरीत बायकाच जास्त," असं ऐकवतात. २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या, खरं आहे, कारण पुरुष मुंबईला. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत पाहा: हजार मुलग्यांमागे ९३६ मुली.

एमआरआय हा प्रचंड लोहचुंबक. किरण नाहीत, मणका, मेंदू, सांधे उत्तम दिसतात. अर्धा-पाऊण तास बोगद्यात पडून राहायचं, आवाज फार. मंगळसूत्राला लावलेल्या पिना, केसातले आकडे, जोडवी, सगळं बाहेर ठेवा. तांबी असेल तर आधी सांगा. २०१८ साली मुंबईत एका नातेवाइकाच्या हातातला ऑक्सिजनचा सिलिंडर चुंबकाने खेचला आणि त्या तरुणाचा जीव गेला.

आता त्या बाईकडे येते. तिच्या दोन सोनोग्राफींत आठ महिन्यांचं अंतर, आणि गाठ तेवढीच, लहान. फायब्रॉइडची. पाळी गेल्यावर अशी गाठ बहुधा आक्रसते. तिला हे कोणी सांगितलं नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या हे बाहेर आलं. तिथेही कॅन्सरची भीती घालणं होतंच. आणि गंमत बघा, एवढे फोटो निघाले, पण तिचं हिमोग्लोबिन कोणी तपासलं नव्हतं. आम्ही तपासून घेतलं. सात निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवलं. त्यांनी गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासला, त्यात वाईट काही नव्हतं. रक्तस्रावावर औषध चालू आहे. ऑपरेशन झालेलं नाही.

फिल्मसोबत लेखी रिपोर्ट मागून घ्या, जुने कागद टाकू नका. तिच्याकडे दोन्ही रिपोर्ट होते म्हणूनच तुलना करता आली. आज ज्यांनी कागद आणलेत त्यांनी पुढे बसा. चहा नंतर घेऊ.