वाख कुणाचा, भाव कुणाचा



या परिषदेसाठी सोलापुरात आलेल्या आपणा सर्वांचे मनापासून स्वागत. थंडीत आलात हे बरे केलेत. मे महिन्यात आला असतात तर स्वागतापेक्षा सांत्वन करावे लागले असते. हुरड्याचे दिवस आहेत. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी यांची जबाबदारी स्वागत समितीने घेतली आहे, त्यात काही कमी पडणार नाही. स्वागताध्यक्षाने थोडक्यात आटपावे असा संकेत आहे. तो मोडण्याचा संकेतही आपल्याकडे तितकाच जुना आहे, तेव्हा थोडे सांभाळून घ्यावे.

मी शास्त्रज्ञ नाही. आमचे दुकान दोरखंडाचे. वडिलांच्या काळी बेंदूर-पोळ्याच्या आधी दुकानात कासरे, दावी, चऱ्हाटे यांचे ढीग लागायचे आणि वाखाचा वास पेठेभर सुटायचा. आज त्या जागी नायलॉनची रंगीत भेंडोळी आहेत. केकताड म्हणा, घायपात म्हणा, आपल्याकडे हे झाड बांधावरच राहिले. पाने ओढ्याच्या डबक्यात कुजत घालायची, बडवायची, धुवायची, वाख उन्हात वाळवून पीळ द्यायचा. अंगाला खाज सुटणारे हे काम मातंग समाजाच्या पिढ्यांनी केले. त्याचा मोबदला बलुत्याच्या रूपाने खळ्यावर मिळे, आणि तो किती द्यायचा हे दोर वापरणारा ठरवी, दोर वळणारा नव्हे. ही एवढी गोष्ट मनात ठेवून जगाकडे पाहावे, असे मला वाटते. कारण आज माळरानावर सिसल, म्हणजे आपल्या घायपातासारखेच झाड, लावा, पाणी लागत नाही, जनावर तोंड लावत नाही, असा सल्ला आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला मिळू लागला आहे. सल्ला चुकीचा नाही. अर्धा आहे.

पीक मोठे विचित्र. लावल्यावर पहिली कापणी दोन-तीन वर्षांनी. मग काही वर्षे खालची पाने कापत राहायचे. शेवटी मधून उंच दांडा निघतो, फुलतो, त्यावर नवी रोपे धरतात आणि झाड मरते. सगळ्या आयुष्यात दोनशे-अडीचशे पाने. शंभर किलो पाने यंत्रात घातली तर कोरडा धागा चार किलोच्या आसपास, बाकी पाणी आणि चोथा. आणि कापलेले पान साठवून ठेवता येत नाही. वेळेत खरवडले नाही तर गर वाळून धाग्याला चिकटतो. इथे ऊस कारखान्यावर वेळेत नेण्याची धडपड ज्याने पाहिली आहे, त्याला सिसलचे अर्थशास्त्र वेगळे शिकवायला नको. यंत्र ज्याचे, त्याचा शब्द शेवटचा.

या धाग्याचा भाव पिकवणाऱ्याऐवजी दुसऱ्याने ठरवणे मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर घडले. तिथली जमीन म्हणजे चुनखडीचा खडक, वर जेमतेम माती. माया लोक सिसलच्या भाऊबंदांपैकी हेनेकेन या झाडापासून फार पूर्वीपासून दोर आणि झोपायच्या झोळ्या करत. तिकडे अमेरिकेच्या मैदानांत गहू कापून पेंढ्या बांधणारी यंत्रे आली. आधी ती तारेने बांधत, तेव्हा तारेचे तुकडे गुरांच्या पोटात आणि पिठाच्या गिरण्यांत जाऊ लागले. 1870च्या दशकाच्या अखेरीस जॉन ॲपलबीने सुतळीची गाठ मारणारी करामत शोधली आणि युकातानच्या खडकाळ रानाला भाव आला. लोक या धाग्याला हिरवे सोने म्हणू लागले. मेरिदा शहरात पासेओ दे मोंतेहो या रस्त्यावर त्या पैशातून उठलेल्या हवेल्या अजून उभ्या आहेत.

पान कापणारा माया मजूर मात्र कर्जाने मळ्याला बांधलेला होता. मळ्याच्याच दुकानातली उधारी, ती कधी फिटत नसे. उत्तरेकडच्या सोनोरातून याकी आदिवासी हजारोंनी पकडून आणले गेले, त्यांतले कितीतरी तिथेच मेले. बरे, मळेवाल्यांच्या हाती तरी भाव होता का? 1902मध्ये कापणीची यंत्रे बनवणारी मॅकॉर्मिक आणि तिच्या प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र होऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली. त्याच वर्षी तिने मेरिदाच्या ओलेगारिओ मोलिना यांच्या पेढीशी गुपचूप करार केला, धाग्याचा भाव खाली ठेवण्याचा. हेच मोलिना त्या वेळी युकातानचे गव्हर्नरही होते. बाजार समित्यांचे राजकारण जवळून पाहिलेल्या माझ्या श्रोत्यांना यात फार नवल वाटणार नाही.

1915मध्ये क्रांतिसेनेचे साल्वादोर आल्वारादो आले. त्यांनी कर्जवेठ मोडून काढली आणि सगळी विक्री सरकारी मंडळाकडे घेतली. महायुद्धात भाव चढले, युद्ध संपले आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेले. 1937मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांनी मळे मजुरांना वाटून दिले, हे मोठेच काम. पण तोवर कापणी आणि मळणी एकदम करणारे यंत्र शेतात उतरले होते. पेंढीच उरली नाही, तर ती बांधायची सुतळी कोण घेणार?

ते दुसरे दुकान पूर्व आफ्रिकेत. रिचर्ड हिंडोर्फ या जर्मन कृषितज्ज्ञाने फ्लोरिडातून हजार रोपे मागवली. पेंढा भरलेल्या मगरीच्या पोटातून ती चोरून आणली अशी कथा सांगतात. कथा म्हणून ती छान आहे. 1893मध्ये आजच्या टांझानियाच्या किनाऱ्यावर पांगानीजवळ रोपे पोहोचली, तेव्हा त्यांतली 62 जिवंत होती. त्या 62 रोपांतून टांगाच्या परिसरातले हजारो एकरांचे मळे उभे राहिले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांचे मळे जप्त होऊन इंग्रज, ग्रीक, स्विस आणि कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांकडे गेले. करीमजी जीवनजी हे त्यांतले मोठे घराणे. दूरदूरच्या मुलखांतून आणलेल्या मजुराला मानांबा म्हणत, म्हणजे नंबरवाला. त्याच्या हातातल्या कार्डावर तीस दिवसांचे काम भरले की मजुरी मिळे. एखाद्या दिवशी नेमलेल्या मोळ्या पुऱ्या झाल्या नाहीत, तर तो दिवस कार्डावर धरला जात नसे.

कोरियन युद्धाच्या वेळी भाव आभाळाला टेकले. 1964च्या सुमारास टांझानियात वर्षाला सुमारे 2,30,000 टन धागा निघत होता, जगात सर्वाधिक. मग 1967चा आरुशा जाहीरनामा, म्हणजे सरकारीकरणाचे धोरण, आला, बरेच मळे सरकारजमा झाले आणि शतक संपेपर्यंत उत्पादन जेमतेम दहाव्या हिश्शावर आले. सगळा दोष सरकारीकरणाला देण्याची पद्धत आहे. ती मला पटत नाही. त्याच वर्षांत पॉलिप्रोपिलीनची सुतळी बाजारात आली होती. ती स्वस्त होती, एकसारखी होती आणि कारखाना आठवड्यात ठरवील तेवढी काढू शकत होता. सिसलवाल्याची लावलेली झाडे मात्र पुढच्या आठ-दहा वर्षांची. एक ट्रॅक्टर घ्यायला दर वर्षी जास्त जास्त सिसल विकावे लागते, हे टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष न्येरेरे जगाला सांगत राहिले. जगाने ऐकून घेतले, भाव वाढवला नाही. टांगाजवळच्या म्लिंगानो केंद्रातल्या संशोधकांनी मात्र 11648 क्रमांकाचा संकर तयार केला. जुन्या जातीच्या दुपटीहून जास्त पाने देणारा हा वाण पुढे चीनच्या ग्वांगडोंग-ग्वांगशीत रुजला. वाण टांगाचा, लाभ त्यांचा.

आज पहिला क्रमांक ब्राझीलचा, आणि आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरणही तेच. बाहिया राज्याचा कोरडा पट्टा, पाऊस बेभरवशाचा, शेतकरी बहुतेक लहान. पाराइबाना नावाचे यंत्र शेतात ओढून आणतात आणि एकेक पान हाताने फिरत्या पात्यांत सरकवतात. पानाबरोबर हात आत गेला की गेला. बोटे किंवा पंजा गमावलेली माणसे त्या भागात इतकी होती की तो सामाजिक प्रश्न बनला. मुलेही या कामात होती. बालमजुरी थांबवण्याची ब्राझील सरकारची योजना 1990च्या दशकात जिथे आधी पोहोचली, त्यांत हा पट्टा होता. शेत एकाचे, यंत्र दुसऱ्याचे, खरेदी तिसऱ्याची, निर्यात चौथ्याची. वालेन्ते गावच्या शेतकऱ्यांनी 1980मध्ये संघटना उभारली, धागा स्वतः विकायला सुरुवात केली आणि पुढे गालिच्यांचा कारखाना काढला. एवढा लांबचा फेरा मारला तो या एका गावासाठी. कच्चा धागा विकणारा आणि गालिचा विकणारा यांच्या खिशांत काय फरक पडतो, हे चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या शहराला मी सांगायला नको.

धाग्याला गिऱ्हाईक नाही असे नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2009 हे नैसर्गिक धाग्यांचे वर्ष पाळले, त्यानंतर चर्चा वाढली. जिप्समच्या छतांत, धातू चकचकीत करणाऱ्या चाकांत, डार्टच्या फळ्यात, मांजरांनी नखे घासायच्या खांबांत, गालिच्यांत सिसल जाते. परदेशी मांजरांच्या नखांवर सोलापूरच्या माळाचे भवितव्य बांधावे का, हा प्रश्न मी अर्थतज्ज्ञांवर सोपवतो. टांगाजवळ हाले येथे चोथ्यापासून बायोगॅस आणि वीज काढली गेली, ती दिशा मला अधिक भरवशाची वाटते, कारण पानाचा बहुतेक भाग धागा नसतोच.

अभ्यासकांना माझी विनंती आहे. उद्या ठराव होतील, लागवडीखाली किती हेक्टर आणावेत याची शिफारस होईल. त्या शिफारशीच्या शेजारी आणखी तीन ओळी असाव्यात. पान खरवडणारे यंत्र कुणाच्या मालकीचे असेल. त्या यंत्रात हात जाऊ नये यासाठी काय केले आहे. आणि पहिल्या कापणीच्या वेळी धागा कोण, कोणत्या लेखी करारावर घेणार. या तीन ओळी लिहिता येत नसतील, तर हेक्टरांचा आकडाही लिहू नये. आणि दोर वळणाऱ्या ज्या भगिनी मागच्या रांगांत बसल्या आहेत, त्यांना दुपारच्या सत्रात आधी बोलू द्यावे. आमच्यासारख्या दुकानदारांना शेवटी वेळ उरला तर द्यावा.