बेत मुंबईचा

श्रोतेहो, सुट्टी जवळ आली की जळगाव-धुळ्याच्या घराघरांत मुंबईचा बेत शिजू लागतो. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण साठच दिवस आधी उघडतं, म्हणून घाई. दशम्यांआधी यादी तयार होते : राणीची बाग, घारापुरी, हाजी अली, चौपाटी. आणि हे सगळं दोन दिवसांत!

पण राणीची बाग एरवी बुधवारी बंद, घारापुरीची लेणी सोमवारी. हाजी अलीची वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. समुद्र काही आपल्या यादीसाठी थांबत नाही.

आमच्या घरीही यादी झाली. तीत अम्मीचं नाव नव्हतं. "दादीला धावपळ झेपायची नाही," मुलं म्हणाली. खरंच होतं. पण तापी-गिरणेपलीकडचं पाणी तिनं आयुष्यात पाहिलेलं नाही. मी म्हटलं, "मग माणूस कशाला गाळता? धावपळच गाळा."

आता यादीत दिवसाला एकच ठिकाण आहे. ओहोटीची वेळ पाहून पहिला दिवस हाजी अलीचा. श्रोतेहो, तुमच्याही घरात असं कुणी असेल, तर बेत त्यांच्या चालीनं आखा. राहिलेली मुंबई पुढच्या सुट्टीत पाहता येईल.