डाकीण ठरवतं कोण?

मैत्रिणींनो, छत्रपती संभाजीनगरात आपल्या मुली कार्टूनमध्ये चेटकिणींना वेचून मारणारा जुलमी राजा बघतात. सातपुड्यात, नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्यात असा एक राजा नसतो. मूल दगावतं, गुरं मरतात. भगत बोट दाखवतो आणि अख्खं गाव बाईवर तुटून पडतं. ती बरेचदा विधवा, एकटी. म्हणून मी आधी विचारते : तिची जमीन कुणाच्या डोळ्यांत सलते?

दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. बाईला करणी करणारी ठरवून छळणं हा त्यात अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे. पण तक्रार नोंदवायला ती एकटी ठाण्यात कशी जाणार? सोबत कोण येतंय, ते आजच सांगा.